तक्रार नसलेल्या डोळ्याची तपासणी



आरोग्यावरचे व्याख्यान म्हटले की श्रोत्यांच्या मनाची एक तयारी असते. गोड कमी खा, रोज चाला, वजन उतरवा, हेच ऐकायचे आहे असे धरून माणूस खुर्चीत बसतो. आज त्यातले फारसे काही सांगायचे नाही. आज बोलायचे आहे एका कामाबद्दल. मधुमेह असलेल्या माणसाचा डोळा, त्याची काहीही तक्रार नसताना, दरवर्षी तपासण्याचे काम. हे काम करणारा माणूस बहुतेक वेळा डोळ्यांचा सर्जन नसतो. तो ऑप्टोमेट्रिस्ट असतो, किंवा सरकारी रुग्णालयातला नेत्रचिकित्सा अधिकारी असतो. गावात त्याची ओळख ‘चष्म्याचा नंबर काढणारे’ एवढीच असते. त्याच्या हातून होऊ शकणारे सर्वांत मोठे काम त्या ओळखीत कुठेच येत नाही.

आकडे आधी पाहू, म्हणजे विषयाचा आवाका कळेल. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या देशव्यापी पाहणीचे निष्कर्ष २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यानुसार देशात १० कोटी १० लाख लोकांना मधुमेह आहे आणि १३ कोटी ६० लाख लोक त्याच्या उंबरठ्यावर आहेत. याच पाहणीचा पहिला टप्पा २०११ मध्ये जाहीर झाला होता. त्यात महाराष्ट्राचे प्रमाण ८.४ टक्के होते आणि ग्रामीण महाराष्ट्राचे ६.५ टक्के. म्हणजे ‘शुगर हा शहरातल्या बसून खाणाऱ्यांचा आजार’ ही समजूत तेव्हाच मोडीत निघाली होती.

आता डोळ्याकडे येऊ. २०१५ ते २०१९ या काळात दिल्लीच्या एम्समधील डॉ. राजेंद्र प्रसाद नेत्रविज्ञान केंद्राने पन्नाशी ओलांडलेल्या लोकांची देशभर पाहणी केली. ज्यांना मधुमेह होता त्यांच्यातल्या १६.९ टक्के लोकांच्या डोळ्याच्या पडद्यावर मधुमेहाने बदल केलेले आढळले. ३.६ टक्के लोकांचे बदल दृष्टी घालवू शकतील इतके पुढे गेलेले होते. आणि ज्यांना आपल्याला मधुमेह आहे हे आधीपासून ठाऊक होते, अशा दहा जणांपैकी जवळजवळ नऊ जणांच्या डोळ्याचा पडदा यासाठी कधीच कोणी तपासला नव्हता.

दहापैकी नऊ! गोळी रोज घेतात, रक्त तपासतात, पथ्याचे बोलतात. आणि पडदा कोणीही पाहिलेला नाही.

हाच आकडा आपल्या पहूर परिसराला लावून पाहा. पंचक्रोशीतल्या गावांत पन्नाशीपुढचे एक हजार मधुमेही आहेत असे क्षणभर धरा. देशाच्या सरासरीने त्यांच्यातल्या सुमारे १६९ जणांच्या पडद्यावर खुणा असतील आणि ३६ जण तातडीच्या उपचाराच्या हद्दीत असतील. हे ३६ जण कोण? कोणत्या गल्लीत राहतात? आज त्यांच्यातला एखादा मोटारसायकल चालवत जामनेरला गेला असेल, एखादी बाई सुईत दोरा ओवत असेल. त्यांना स्वतःला माहीत नाही. त्यांच्या घरच्यांना माहीत नाही. आजच्या व्याख्यानाचा सगळा प्रश्न या ३६ जणांना वेळेवर शोधण्याचा आहे.

पहिला मुद्दा आजाराच्या स्वभावाचा.

डोळ्याच्या मागच्या बाजूला आतून पडदा असतो. त्यावर चित्र उमटते आणि मज्जातंतूंमधून मेंदूकडे जाते. या पडद्याला रक्त पुरवणाऱ्या केशवाहिन्या अतिशय बारीक असतात. रक्तातली साखर वर्षानुवर्षे चढी राहिली की त्यांच्या भिंतींना आधार देणाऱ्या पेशी मरू लागतात. भिंत कमजोर झाली की तिला ठिकठिकाणी सूक्ष्म फुगे येतात. मग रक्त झिरपते, चरबीचे पिवळे ठिपके साचतात, काही वाहिन्या बंद पडतात. पडद्याचा जो भाग उपाशी राहतो तो नव्या वाहिन्यांसाठी संकेत पाठवतो. त्या संकेताने ज्या नव्या वाहिन्या उगवतात त्या ठिसूळ असतात, भलत्या जागी वाढतात आणि एखाद्या दिवशी फुटतात. डोळ्यात रक्त उतरते. पुढे तिथे जाळे धरते आणि ते पडद्याला ओढून सोडवते. दुसरीकडे पडद्याच्या मध्यबिंदूला, जिथून आपण अक्षर वाचतो आणि चेहरा ओळखतो तिथे, सूज येऊ शकते.

या प्रवासाला अनेकदा काही वर्षे लागतात. आणि त्या वर्षांत डोळा दुखत नाही. लाल होत नाही. पाणी येत नाही. मध्यबिंदू शाबूत असेल तर तक्त्यावरची शेवटची ओळसुद्धा वाचता येते. तक्रार सुरू होते तेव्हा बरेचसे नुकसान होऊन गेलेले असते.

म्हणून तपासणीच्या खोलीत एक संवाद पुन्हा पुन्हा घडतो. साठीचा शेतकरी खुर्चीत बसलेला असतो आणि म्हणतो, “मले तं समदं साफ दिसते ताई, मंग कायले थेंब टाकता?” तपासणाऱ्या ताईंना त्याचे उत्तर रोज नव्या दमाने द्यावे लागते. “बाबा, साफ दिसतंय म्हणूनच आज बघायचं. दिसायचं कमी झाल्यावर आलात तर माझ्या हातात फार काही राहणार नाही.”

हे उत्तर पटायला अवघड आहे. आपल्याकडे दवाखान्यात जाण्याचे कारण दुखणे हे असते. दुखत नसताना, हातचा रोज बुडवून, कापसाची वेचणी टाकून, डोळ्यात थेंब घालून घ्यायला कोण येईल? यात अडाणीपणा नाही. शरीराचा आयुष्यभराचा अनुभवच त्याला असे सांगत असतो. अनुभवाच्या विरुद्ध सांगायचे तर सांगणाऱ्यावर विश्वास हवा, आणि तो विश्वास वर्षातून एकदा येणाऱ्या अनोळखी पथकाला मिळत नाही.

दुसरा मुद्दा आपल्या डोळ्यांच्या आरोग्यव्यवस्थेचा. ती मोतीबिंदूसाठी घडलेली आहे.

हे दोष म्हणून सांगितलेले नाही. १९७६ मध्ये अंधत्व नियंत्रणाचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला तेव्हा देशातल्या अंधत्वाचे सर्वांत मोठे कारण मोतीबिंदूच होते. १९९४ ते २००२ या काळात जागतिक बँकेच्या साहाय्याने मोतीबिंदू प्रकल्प राबवला गेला आणि त्यात महाराष्ट्रासह सात राज्ये होती. लाखो शस्त्रक्रिया झाल्या. शिबिरे झाली, गावोगावी बस फिरल्या, हिरव्या पट्ट्या डोळ्यावर बांधून म्हातारी माणसे घरी परतली आणि त्यांना नातवंडांचे चेहरे दिसले. खानदेशातल्या असंख्य घरांना त्या शिबिरांनी उजेड दिला आहे. त्या कामाबद्दल कृतज्ञताच हवी.

पण त्या यशाने आपल्या मनात एक साचा पक्का करून ठेवला. अंधुक दिसते म्हणजे मोतीबिंदू. मोतीबिंदू म्हणजे पिकू द्यावा. पिकला की शिबिरात जावे. एकदा ऑपरेशन झाले की काम संपले.

मधुमेहाचा पडद्याचा विकार या साच्यातल्या प्रत्येक गोष्टीला छेद देतो. मोतीबिंदूला उशीर झाला तरी बहुतेकदा दृष्टी परत मिळते. पडद्याला उशीर झाला तर गेलेली दृष्टी बहुतेकदा परत येत नाही. मोतीबिंदूची शस्त्रक्रिया त्या डोळ्यापुरती एकदाच करायची असते. पडदा दरवर्षी, जन्मभर पाहायचा असतो. मोतीबिंदू असलेला माणूस स्वतः चालत शिबिराला येतो, कारण त्याला दिसत नाही. पडदा बिघडू लागलेला माणूस घरी बसतो, कारण त्याला दिसते.

दोन्ही आजार एकाच डोळ्यात असले तर? मधुमेहात मोतीबिंदूही लवकर येतो. अशा माणसाचा मोतीबिंदू काढला आणि तरीही नीट दिसले नाही, की गावात बातमी पसरते, ‘ऑपरेशन बिघडलं.’ प्रत्यक्षात कित्येकदा शस्त्रक्रिया व्यवस्थित झालेली असते; मागचा पडदा आधीच सुजलेला असतो. त्या एका बातमीने पुढचे दहा जण डोळ्याच्या दवाखान्यापासून दूर राहतात. मधुमेही माणसाचा पडदा शस्त्रक्रियेआधीच पाहिला, सूज असेल तर आधी ती हाताळली, आणि काय अपेक्षा ठेवायची हे घरच्यांना समोर बसवून सांगितले, तर हे टळते. हे पाहण्याचे आणि सांगण्याचे काम कोणी करायचे?

इथे तिसरा मुद्दा येतो. ऑप्टोमेट्रिस्टच्या कौशल्याचा.

भारतात ऑप्टोमेट्रीचे शिक्षण नवे नाही. १९५८ मध्ये अलीगढ आणि हैदराबाद इथे पहिल्या संस्था सुरू झाल्या. १९८५ मध्ये चेन्नईला चार वर्षांचा पदवी अभ्यासक्रम आला. मुंबई-पुण्यातही पुढे अशी महाविद्यालये उभी राहिली. पण या पेशाला देशपातळीवर कायद्याची चौकट मिळायला २०२१ साल उजाडले. त्या वर्षी संलग्न आरोग्य व्यावसायिकांसाठीचा राष्ट्रीय आयोग कायदा झाला आणि त्यात ऑप्टोमेट्रिस्टची गणना झाली. चार वर्षे शिकून आलेल्या मुलीलाही गावात ‘चष्म्याच्या दुकानातली मुलगी’ म्हणतात, याला ही उशिरा आलेली मान्यताही कारण आहे.

मधुमेहाच्या डोळ्यांच्या तपासणीत मुरलेला ऑप्टोमेट्रिस्ट नेमके काय करतो ते पाहू. सुरुवात साधी असते: सहा मीटरवरचा तक्ता, एक डोळा झाकून. मग बारीक भोकाची झापड डोळ्यापुढे धरून पुन्हा तोच तक्ता. भोकातून पाहिल्यावर चांगले दिसले तर दोष बहुधा चष्म्याच्या नंबरचा. तरीही दिसले नाही तर मागे काहीतरी आहे, असा पहिला धागा हाती येतो.

नंबर काढतानाच दुसरा धागा मिळतो. रक्तातली साखर फार वाढली की डोळ्यातले नैसर्गिक भिंग फुगते आणि नंबर बदलतो. साखर उतरली की तो पुन्हा बदलतो. एखादा माणूस तीन-चार महिन्यांत दुसऱ्यांदा चष्मा बदलायला येतो आणि म्हणतो, मागच्या वेळी नंबर चुकीचा काढला होता. तिथे जाणकार ऑप्टोमेट्रिस्ट नवा चष्मा करून देत नाही. तो विचारतो, तहान फार लागते का? रात्री लघवीला किती वेळा उठता? घरात कोणाला शुगर आहे का? आणि चष्म्याच्या चिठ्ठीऐवजी रक्ततपासणीची चिठ्ठी लिहून देतो. कित्येकांचा मधुमेह असा चष्म्याच्या खुर्चीत पहिल्यांदा उघडकीला येतो. साखर स्थिर होईपर्यंत थांबा, मग चष्मा करू, असे सांगून तो त्या माणसाचे पैसेही वाचवतो.

मग डोळ्याचा दाब मोजायचा. समोरून डोळ्याचा कोन पुरेसा उघडा आहे की अरुंद, हे पाहायचे. कारण कोन फारच अरुंद असेल तर बाहुली मोठी करणाऱ्या थेंबांनी दाब एकाएकी चढू शकतो. कोन ठीक असेल तर थेंब. मग वीस-तीस मिनिटांची वाट. मग कॅमेरा, किंवा स्लिट लॅम्पसमोर बसवून हातात धरलेल्या नव्वद डायॉप्टरच्या भिंगातून पडद्याची पाहणी.

पडदा वाचणे ही शिकून येणारी गोष्ट आहे आणि ती हजारो डोळे पाहून पक्की होते. हा लाल ठिपका म्हणजे वाहिनीचा फुगा की रक्तस्रावाचा डाग? हा पिवळा ठिपका मध्यबिंदूपासून किती दूर आहे? ही शीर मण्यांच्या माळेसारखी का दिसते? मज्जातंतूच्या तबकडीवर ही जी नाजूक जाळी आहे ती मूळची की नव्याने उगवलेली? या प्रत्येक प्रश्नाच्या उत्तरावर पुढचा निर्णय अवलंबून असतो. काही नाही, वर्षाने या. थोडे आहे, सहा महिन्यांनी या. मध्यबिंदूजवळ आहे, काही आठवड्यांत पडद्याच्या डॉक्टरांकडे जा. नव्या वाहिन्या आहेत, याच आठवड्यात जा.

लेझर देणे, डोळ्यात इंजेक्शन देणे, शस्त्रक्रिया करणे हे नेत्रतज्ज्ञांचे काम आहे आणि त्यांचेच राहिले पाहिजे. पण तालुक्याच्या पातळीवर पडद्याचा तज्ज्ञ क्वचितच असतो. त्याचा वेळ शंभर निरोगी डोळे पाहण्यात गेला तर ज्या चौघांना लेझर हवा त्यांची रांग लांबते. शंभर डोळे चाळून ते चार डोळे अचूक वेगळे काढणारा माणूस गावाजवळ असला तर सगळी साखळी चालू लागते.

लेझर उपयोगी पडतो याबद्दल शंका नको. अमेरिकेतल्या मोठ्या अभ्यासाने १९७६ मध्येच दाखवून दिले की पुढच्या टप्प्यातल्या डोळ्यांना वेळेवर लेझर दिला तर दृष्टी गंभीरपणे जाण्याचा धोका निम्म्याहून कमी होतो. आता सूज उतरवणारी इंजेक्शनेही आहेत. ब्रिटनमधल्या दीर्घ अभ्यासाने १९९८ मध्ये साखरेइतकाच रक्तदाबाचाही वाटा सिद्ध केला. दाब कडकपणे आटोक्यात ठेवलेल्यांमध्ये पडद्याचा आजार वाढण्याचे प्रमाण सुमारे एक तृतीयांशाने घटले. म्हणजे उपाय आहेत. मग माणसे आंधळी का होतात?

याचे उत्तर चौथ्या मुद्द्यात आहे, आणि आजच्या व्याख्यानाचा गाभाही तोच आहे. ते उत्तर म्हणजे यादी.

आइसलँड हा चिमुकला देश. तिथे १९८० पासून मधुमेहींच्या डोळ्यांची नियमित तपासणी सुरू झाली. तेव्हा तिथल्या मधुमेहींमध्ये अंधत्वाचे प्रमाण २.४ टक्के होते; पुढच्या काही वर्षांत ते ०.५ टक्क्यांवर आले. इंग्लंडने २००३ मध्ये राष्ट्रीय कार्यक्रम हाती घेतला आणि २००८ पर्यंत तो देशभर पोहोचवला. बारा वर्षांपुढच्या प्रत्येक मधुमेही माणसाचे नाव त्याच्या डॉक्टरकडच्या नोंदीतून तपासणीच्या यादीत जाते. त्याला घरी पत्र येते. तो आला नाही तर पुन्हा पत्र येते. फोटो नीट आला नाही, मोतीबिंदू आडवा आला, तर त्याला विशेष प्रशिक्षित ऑप्टोमेट्रिस्टकडे स्लिट लॅम्पच्या तपासणीला बोलावतात. परिणाम काय झाला? २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या विश्लेषणात दिसले की काम करण्याच्या वयातल्या लोकांच्या नोंदलेल्या अंधत्वाचे पहिले कारण म्हणून मधुमेहाचे नाव इंग्लंड आणि वेल्समध्ये मागे पडले होते. पाच दशकांत पहिल्यांदा!

लेझर तर त्याआधी तीस वर्षे होता. डॉक्टर होते. औषधे होती. नव्याने आले ते काय? कोण आले नाही हे सांगणारी यादी आली, आणि न आलेल्याला बोलावणारा माणूस आला.

कोणी म्हणेल, ते श्रीमंत देश आहेत. ठीक आहे, मग धारावीत या. डॉ. एस. नटराजन यांच्या आदित्य ज्योत संस्थेने मुंबईतल्या झोपडपट्ट्यांमध्ये घरोघर जाऊन मधुमेही शोधले आणि त्यांचे पडदे तपासले. तिथे सुमारे १५ टक्के मधुमेहींमध्ये पडद्याचा विकार सापडला. दहा बाय दहाच्या खोलीत राहणाऱ्या माणसापर्यंत जाऊन त्याचा पडदा पाहता येतो, हे मुंबईत करून दाखवले गेले आहे. केरळने तर ते सरकारी व्यवस्थेत बसवले. ‘नयनामृतम्’ या प्रकल्पात तिरुवनंतपुरम जिल्ह्यातल्या १६ कुटुंब आरोग्य केंद्रांमध्ये परिचारिकांना हातात धरायचा कॅमेरा शिकवला. लोक जिथे शुगरच्या गोळ्या घ्यायला येतातच, तिथेच त्यांच्या पडद्याचा फोटो निघू लागला.

ही गोष्ट नीट लक्षात घ्यावी. केरळने लोकांना डोळ्याच्या दवाखान्यात बोलावले नाही. डोळ्याचा कॅमेरा गोळ्यांच्या रांगेजवळ नेला.

पाचवा मुद्दा यंत्राचा, तो थोडक्यात. अलीकडे संगणकही पडदा वाचू लागला आहे. २०१६ मध्ये गूगलच्या संशोधकांनी जे काम प्रसिद्ध केले त्यात मदुराईच्या अरविंद नेत्र रुग्णालयातले आणि चेन्नईच्या शंकर नेत्रालयातले तज्ज्ञ सहभागी होते. २०१९ मध्ये मुंबई महापालिकेच्या दवाखान्यांत झालेला एक अभ्यास प्रसिद्ध झाला. स्मार्टफोनवर चालणाऱ्या कॅमेऱ्याने पडद्याचे फोटो काढले आणि इंटरनेटशिवाय फोनमध्येच त्यांचे वाचन झाले. पुढे पाठवायला हवा असा एकही रुग्ण त्या छोट्या अभ्यासात यंत्राच्या नजरेतून सुटला नाही. जिथे नेटवर्क धड मिळत नाही अशा वाड्यावस्त्यांसाठी ही मोठी बातमी आहे.

मग ऑप्टोमेट्रिस्टची गरज संपली का? उलट ती वाढली. यंत्राला स्वच्छ फोटो लागतो. आपल्याकडे पन्नाशीपुढे मोतीबिंदू जास्त, बाहुल्या लहान, आणि थेंबांशिवाय काढलेले कित्येक फोटो धूसर येतात. यंत्र म्हणते, फोटो वाचता येत नाही. त्या माणसाला कोण पाहणार? यंत्र म्हणते, दोष आहे. तो दोष समोर बसलेल्या माणसाला, त्याला घाबरवून न सोडता पण प्रसंगाचे गांभीर्य न लपवता, तावडीत किंवा अहिराणीत कोण समजावणार? आणि तो पुढच्या उपचारासाठी जळगावला खरोखर गेला की नाही, हे कोण विचारणार?

फोटोचा आणखी एक उपयोग इथल्या मंडळींना सांगायलाच नको. अजिंठा आपल्या शेजारी आहे. चित्रकार रॉबर्ट गिल १८४४ पासून तिथल्या भित्तिचित्रांच्या नकला करत राहिला. त्यातल्या बहुतेक लंडनमध्ये १८६६ साली लागलेल्या एका आगीत जळाल्या. तरी जी जुनी चित्रे आणि छायाचित्रे उरली, त्यांच्याशी आजची भिंत ताडून पाहिली की कुठला रंग उडाला, कुठला पोपडा गेला ते कळते. पडद्याचेही तसेच आहे. गेल्या वर्षीचा फोटो जपून ठेवलेला असेल तर यंदाच्या फोटोत नवा आलेला एक ठिपकाही दिसतो. म्हणून फोटो रुग्णाच्या नावाने साठवला पाहिजे आणि पुढच्या वर्षी तो उघडला पाहिजे.

आता शेवटचा मुद्दा, आपल्या पहूरचा.

इथून जळगाव साधारण चाळीस किलोमीटर. पाचोरा-जामनेर ही छोटी गाडी, म्हणजे ‘पीजे’, एके काळी पहूर स्टेशनात थांबायची. ती २०२० मध्ये बंद झाली. आता एसटी, काळी-पिवळी किंवा स्वतःची मोटारसायकल. पण थेंब घातलेल्या डोळ्यांनी मोटारसायकल चालवता येत नाही. काही तास जवळचे अक्षर दिसत नाही, ऊन सहन होत नाही. म्हणजे सोबत एक माणूस हवा. दोन माणसांचे भाडे, दोन माणसांचा रोज, आणि एवढे करून ‘काही नाही, पुढच्या वर्षी या’ असे ऐकून परत यायचे. पुढच्या वर्षी तो माणूस जाईल का? कापूस वेचणीच्या दिवसांत जाईल का? आखाजीच्या सणाला लेक माहेरी आली असताना जाईल का? आणि घरातल्या बाईचा नंबर तर नेहमीच शेवटी लागतो.

म्हणून पहिली तपासणी इथेच झाली पाहिजे, आणि दूरच्या प्रवासाला फक्त त्यांनी निघावे ज्यांना तिथे उपचार मिळणार आहेत. त्यासाठी आकाशातून काही उतरायची गरज नाही. तीस वर्षांपुढच्या माणसांची माहिती आशाताई घरोघर जाऊन भरतातच. उपकेंद्रातले समुदाय आरोग्य अधिकारी साखर आणि रक्तदाब मोजतातच. पहूरला ग्रामीण रुग्णालय आहे, जामनेरला उपजिल्हा रुग्णालय आहे, जळगावला २०१८ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. कड्या सगळ्या आहेत. त्या एकमेकींत अडकवायच्या आहेत.

त्या कशा अडकवायच्या? चार गोष्टी सुचवाव्याशा वाटतात. उपकेंद्रातल्या मधुमेहाच्या नोंदवहीत ‘पडदा तपासणीची तारीख’ आणि ‘निष्कर्ष’ असे दोन रकाने वाढावेत. महिन्यातला एक ठरलेला दिवस, शक्यतो गोळ्या वाटपाचाच, पडद्याच्या फोटोचा दिवस म्हणून जाहीर व्हावा आणि त्या दिवशी कॅमेऱ्याशी प्रशिक्षित ऑप्टोमेट्रिस्ट किंवा नेत्रचिकित्सा अधिकारी बसावा. ज्यांना पुढे पाठवले त्यांची वेगळी छोटी यादी असावी आणि महिन्याच्या आत प्रत्येकाला फोन जावा: गेलात का, काय सांगितले, लेझर झाला का? आणि गावातल्या खासगी डॉक्टरांनी, औषधाच्या दुकानदारांनी, चष्मेवाल्यांनी आपल्याकडे येणाऱ्या शुगरच्या माणसांना त्याच यादीत आणावे. सरकारी रुग्णालयात कधी न गेलेला मधुमेही त्यांच्याकडे महिन्याला एकदा तरी येतोच.

तरुण मुलामुलींना एक सांगणे आहे. डोळ्यांच्या क्षेत्रात जायचे तर डॉक्टरच व्हायला हवे असे नाही. चार वर्षांची ऑप्टोमेट्रीची पदवी घ्या, पुढे पडदा वाचण्याचे प्रशिक्षण घ्या. या तालुक्याला, या जिल्ह्याला ही माणसे हवी आहेत, आणि इथली बोली येणारी हवी आहेत.

आणि या सभागृहात ज्यांना स्वतःला मधुमेह आहे त्यांच्यासाठी व्यवहाराच्या काही गोष्टी. मध्यम वयात सुरू होणारा मधुमेह कळला त्याच महिन्यात पडदा पाहून घ्यावा, कारण आजार कळण्याआधी तो काही वर्षे अंगात असतो आणि निदानाच्या दिवशीच अनेकांच्या पडद्यावर बदल झालेले असतात. लहानपणी मधुमेह झालेल्या मुलांची तपासणी साधारण पाच वर्षांनी सुरू करून मग दरवर्षी करावी. मधुमेह असलेल्या सुनेला दिवस गेले तर पहिल्या तीन महिन्यांतच पडदा दाखवावा, कारण गरोदरपणात हा आजार झपाट्याने वाढू शकतो. डोळ्यापुढे अचानक काळे ठिपके, कोळ्याचे जाळे किंवा पडदा आल्यासारखे दिसले तर शिबिराची वाट पाहू नये, त्याच दिवशी निघावे. तपासणीला जाताना सोबत एक माणूस न्यावा. जुना चष्मा, शेवटचा साखरेचा रिपोर्ट आणि चालू गोळ्यांची पाकिटे पिशवीत ठेवावीत, उन्हासाठी गॉगल किंवा टोपी घ्यावी. आणि निघताना तपासणाऱ्याकडून दोन गोष्टी कागदावर लिहून घ्याव्यात: पडद्यावर काय दिसले, आणि पुन्हा कोणत्या महिन्यात यायचे.